सॅक्रामेंटो खोऱ्यातला बदक-हंसांचा हंगाम २०२२-२३ : यंदा पाखरं उतरणार कुठे?

पाणथळवासी | मंगळवार, १८ ऑक्टोबर २०२२

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी, २२ तारखेला, उत्तर कॅलिफोर्नियातल्या आमच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय. ३१ जानेवारीला सूर्य मावळला की बंद. मी नऊ वर्षं इथला परवानाधारक शिकारी आहे. हंगाम उघडायच्या आधीच्या रविवारी दर वर्षी एक फेरी मारतो, विलोजपासून मॅक्सवेल, कलूसा आणि मग पूर्वेला ग्रिडलीपर्यंत. बंदूक घरीच असते, सोबत फक्त दुर्बीण आणि चहाचा थर्मास. पाणी कुठे कुठे आहे ते बघून यायचं. पाणी कळलं की पाखरांचं कळतंच.

परवाच्या फेरीनंतर जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हा धागा.

हमरस्ता ५ च्या दोन्ही अंगांना या दिवसांत भाताची कापणी उरकत आलेली असते. खाचरांत धसकटं, मागे पडलेले दाणे, आणि एकेक खाचर पाण्याने भरायला लागलेलं. यंदा कलूसा आणि ग्लेन काउंटीत मैलोन् मैल पेरणीच झालेली नाही. काळी चिकणमाती हात जाईल एवढी तडकलीय आणि तिच्यावर वाळकं तण. एरवी या खोऱ्यात सुमारे ५ लाख एकर भात होतो, यंदा त्याच्या निम्माच झाला. सलग तिसरं कोरडं वर्ष, शास्ता धरणाने तळ गाठलेला. नदीवर ज्यांचे सगळ्यात जुने हक्क आहेत त्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनाही ठरल्या पाण्याच्या फक्त १८ टक्के पाणी मिळालं.

भाताचा आणि बदकांचा संबंध काय, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. या मध्य खोऱ्यातल्या मूळ पाणथळीतली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन गेल्या दीडशे वर्षांत शेतीखाली आणि वस्तीखाली गेली. अलास्का, कॅनडा, सैबेरियाच्या रँगेल बेटापासून येणारी पाखरं मात्र येतच राहिली. पूर्वी इथले शेतकरी कापणीनंतर पेंढा जाळायचे आणि शरदात सगळं खोरं धुराने भरायचं. १९९१ साली कायदा करून हे जाळणं टप्प्याटप्प्याने कमी केलं. मग पेंढा कुजवायला लोक हिवाळ्यात खाचरात वीतभर पाणी सोडू लागले. त्या वीतभर पाण्यात सांडलेला दाणा भिजतो, किडे वाढतात आणि बदकांना ताट वाढून मिळतं. बऱ्या वर्षी ३ लाख एकर खाचरं अशी भरतात. खोऱ्यातल्या पाणपक्ष्यांचं निम्म्याहून जास्त खाणं याच खाचरांतून येतं. धुराचा कायदा केला त्यांनी बदकांचा विचार फारसा केला नसेल, पण आज त्याच पाण्यावर ती जगतात.

आणि यंदा पेंढाच निम्मा. आहे तोही भिजवायला पाणी नाही.

उत्तरेला ऑरेगनच्या सीमेवरचं लोअर क्लॅमथ अभयारण्य, थिओडोर रूझवेल्टनी १९०८ साली खास पाणपक्ष्यांसाठी राखलेलं पहिलं, तेही यंदा कोरडं पडलंय. खाली येताना पाखरं जिथे दम खायची ती धर्मशाळाच बंद.

माझा अंदाज असा. पहिले दोन आठवडे जिथे पाणी आहे तिथे गर्दी उसळेल आणि शिकाऱ्यांना वाटेल की वा, काय हंगाम आहे! मग तीच पाखरं त्याच चार तळ्यांत राहून शहाणी होतील, दिवसभर राखीव भागातून हलणार नाहीत, खायला रात्री बाहेर पडतील. एवढ्या दाटीत रोगाची भीती वेगळी. जुलैपासून इथल्या रानपाखरांत बर्डफ्लू सापडतोय.

पिनटेलचंही सांगायला हवं. आपल्याकडे ज्याला तलवार बदक म्हणतात तेच, लांब टोकदार शेपटीचं. या वसंतातल्या खंडभराच्या मोजणीत ते १८ लाखांच्या आसपास भरले, मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक. म्हणून यंदा दिवसाला सात बदकांची मुभा असली तरी त्यात पिनटेल एकच.

युबा-ब्यूट बाजूच्या मंडळींनी आपापल्या खाचरांचं कळवावं. कॅनडातलं कोणी असेल तर तिकडच्या तळ्यांचं. आणि भिगवणकरांनो, तुमच्याकडे काय चाललंय?

---

सावली | १८ ऑक्टोबर २०२२

पाणी नाही म्हणून पाखरांसाठी जीव तुटतो आणि शनिवारी त्यांच्यावरच बार काढायचा, हे मला समजत नाही. समजून घ्यायची इच्छा आहे, म्हणून लिहितेय, भांडायला नाही. इतका नीचांक आहे तर पिनटेल एक तरी का? आणि यंदाच्या वर्षी हंगामच का नाही बंद ठेवत?

---

युबाकाठ | १९ ऑक्टोबर २०२२

दादा, मी युबा सिटीत राहतो, कालव्याच्या पाणीवाटपाच्या कामातच आहे. आमच्या पूर्वेच्या बाजूचं चित्र बरं आहे. फेदर नदीवरच्या, ओरोव्हिल धरणाच्या हक्कदारांना ५० टक्के मिळालं. ब्यूट आणि सटर काउंटीत भात झालाय, कापणी चालू आहे. माझ्या शेजारी एका पंजाबी कुटुंबाची शेती आहे, आजोबांच्या काळापासूनची. ते म्हणाले, पेंढा यंदा यंत्राने चिरून मातीत घालतोय, पाणी फक्त खालच्या चार खाचरांत सोडणार. असे बरेच जण आहेत. पाऊस पडला तर भरतील, कालव्याचं पाणी विकत घेऊन नाही.

खाचर थोड्या दिवसांसाठी भरून ठेवायचे शेतकऱ्यांना पैसे मिळतात, त्या योजनाही चालू आहेत. नेचर कॉन्झर्व्हन्सीची २०१४ पासूनची योजना मला फार आवडते. हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून कुठल्या आठवड्यात कुठे पाणी लागेल ते काढायचं आणि शेतकऱ्यांकडून बोली मागवायच्या. कमी पैशात जो पाणी ठेवील त्याला काम.

तेव्हा पाखरं पश्चिम सोडून पूर्वेला सटर बट्सच्या टेकड्यांभोवती गोळा होणार. तुम्ही तिथल्या ग्रे लॉजच्या राखीव पाणथळीकडे बघा.

---

पाणथळवासी | १९ ऑक्टोबर २०२२

युबाकाठ, सोडतीत शनिवारी ग्रे लॉजचाच नंबर लागलाय. म्हणजे शेजारच्या आजोबांचा लागलाय, मी त्यांच्या पासावर. ते ७८ वर्षांचे आहेत आणि मला हे सगळं त्यांनीच शिकवलं.

सावलीताई, प्रश्न रास्त आहे. जमेल तेवढं नीट उत्तर देतो.

इथे हंगाम कोणाच्या मर्जीवर ठरत नाही. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली वर्षाला जास्तीत जास्त १०७ दिवस. वसंतात विमानातून आणि जमिनीवरून मोजणी होते आणि तिच्यावरून प्रत्येक जातीची मर्यादा पडते. एक पिनटेल ठेवला कारण मोजणाऱ्यांच्या मते नर कमी झाल्याने संख्या घटत नाही, ती घटतेय घरट्यांच्या जागा गेल्याने. हंसांची मर्यादा मोठी आहे, दिवसाला तीस, त्यात पांढरे वीस आणि काळपट दहा, कारण पांढरे हंस भरपूर आहेत. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. शिशाचे छर्रे बंद, पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून देशभर, आणि कॅलिफोर्नियात २०१९ पासून सगळ्याच शिकारीला. दाणा टाकून बोलवायचं नाही, पाळीव जिवंत बदक भुलवायला ठेवायचं नाही, मारलेलं विकायचं नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरुवात, सूर्यास्ताला बंद.

आणि प्रत्येक शिकाऱ्याला २५ डॉलरचं बदक-तिकीट घ्यावं लागतं. १९३४ पासून ही पद्धत आहे. त्या तिकिटांतून १०० कोटी डॉलरच्या वर पैसा उभा राहिला आणि ६० लाख एकर पाणथळ राखली गेली. मी ज्या तळ्यांसाठी हळहळतोय त्यांतली कितीतरी याच पैशांतून विकत घेतलेली आहेत. एवढ्याने तुमचं समाधान होईल असं म्हणत नाही. माझ्या हातून जीव जातो हे मला माहीत आहे.

---

सावली | २० ऑक्टोबर २०२२

उत्तराबद्दल आभार. तिकीट न मारताही घेता येतं की. पक्षी बघणारे हजारो लोक घेतात असं वाचलंय. मग पैसा द्यायला बंदूक लागतेच असं नाही. शिवाय जे मरतात ते मोजले जातात, छर्रा लागून झुडपात जाऊन दोन दिवसांनी मरतात त्यांचं काय? मला हाच भाग सगळ्यात जास्त सलतो.

---

पाणथळवासी | २० ऑक्टोबर २०२२

बरोबर आहे, तिकीट कोणीही घेऊ शकतं आणि घ्यावं. जखमी होऊन निसटणाऱ्यांचं दुःख मलाही आहे. म्हणून मी ३० यार्डांच्या पलीकडे बार काढत नाही आणि पडलेलं पाखरू सापडेपर्यंत दुसऱ्याकडे बघत नाही. तरी नऊ वर्षांत काही गेली. ती आठवतात.

---

इतिहासवेडा | २१ ऑक्टोबर २०२२

चर्चा चांगल्या वळणावर आहे, आपल्याकडची बाजू जोडतो.

भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हॉइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली गेली. तिथल्या केवलादेव उद्यानात तो आकडा दगडावर कोरलेला आहे. मी तो वाचला आणि बराच वेळ तिथून हललो नाही. तीच जागा १९८५ पासून जागतिक वारसा आहे. गंमत म्हणून सांगत नाही, पण ते तळं राखलं गेलं ते आधी राजाच्या शिकारीसाठीच, हे खरं आहे. डॉ. सलीम अलींनी ते शिकारीतून सोडवलं.

दुसरं असं, पुष्कळांना वाटतं की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने भारतातली शिकार एका रात्रीत बंद झाली. त्या कायद्यातही परवाना काढून छोटी शिकार करायची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात ठासणीची बंदूक आणि बदकांच्या गोष्टी निघतात त्या त्यामुळे.

---

पाणथळवासी | २१ ऑक्टोबर २०२२

आमच्याच घरात! माझे स्वतःचे आजोबा सांगली भागातले. गावाबाहेरच्या तळ्यावर पौषात अडया बदकं यायची, आजोबा चार आणायचे आणि आजी त्या स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. मागच्या परसात तीन दगडांची चूल मांडायची. मला त्या धुराचा वास अजून ओळखता येतो.

---

भीमाकाठ | २२ ऑक्टोबर २०२२

रामराम. भिगवणचं विचारलंत म्हणून लिहितो. मी कुंभारगावच्या बाजूचा, पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतो.

तुमच्या अगदी उलटं आहे आमच्याकडे. यंदा पाऊस जोरात झाला, उजनी काठोकाठ भरलीय. पाणी जास्त म्हणजे पक्षी जास्त असं बाहेरच्याला वाटतं, तसं नाही. पाणी काठाला टेकलं की उथळ चिखल कुठे राहतच नाही. रोहित पक्ष्याला गुडघाभर पाणी पाहिजे, थापट्या बदकाला गाळ ढवळायला पाहिजे. धरण उतरायला लागलं, गाळपेर उघडी पडली की मगच खरा मेळा भरतो. त्यामुळे पाहुण्यांना सांगतोय, दिवाळीची सुट्टी बघून येऊ नका, संक्रांतीनंतर या.

आत्ता हळदी-कुंकू बदकं आहेत, ते तर आमचे बारमाही. चक्रवाकाची एक जोडी काल आली, यंदाची पहिली. पट्टकदंब हंस अजून नाहीत, ते हिमालय ओलांडून यायचेत. तलवार बदक नोव्हेंबरच्या शेवटी बघायचे.

इकडे बंदूक कोणी चालवत नाही, पण जाळी लावणारे आहेत. रात्री पाण्यावर बारीक जाळी टाकतात. आम्ही होडीवाले दिसली की काढून वनखात्याला कळवतो. पक्षी राहिले तर आमची चूल पेटते. पूर्वी ज्यांची जाळी होती त्यांतलेच काही आता होड्या चालवतात.

---

पाणथळवासी | २३ ऑक्टोबर २०२२

उद्घाटनाच्या दिवसाचा अहवाल.

पहाटे साडेतीनला निघालो. नरकचतुर्दशी सोमवारी आहे, पण आम्ही दोन दिवस आधीच अंधारात आंघोळ उरकली. ग्रे लॉजच्या नाक्यावर गाड्यांची रांग. छातीपर्यंतचे रबरी बूट घालून, नकली बदकांची पिशवी पाठीवर टाकून पाणकणसांतून अर्धा मैल चाललो.

वारा नव्हता आणि आकाश स्वच्छ. बदकांच्या शिकारीला हे सगळ्यात वाईट हवामान. लोकांना नवल वाटतं, पण आम्हाला ढग, भुरभुर पाऊस आणि अंगाला झोंबणारा वारा हवा असतो. वारा असला की तळ्याच्या मधोमध पाण्यावर लाटा उठतात, पाखरं आडोसा शोधत हलत राहतात आणि खाली उडतात. शिवाय उतरताना बदक नेहमी वाऱ्याला छाती देऊन उतरतं. म्हणून नकली बदकं मांडताना वाऱ्याच्या दिशेने मधे अंगण मोकळं सोडायचं. वारा पडला की नकली बदकं मेल्यासारखी स्थिर राहतात आणि वरच्या डोळ्यांना ते लगेच कळतं.

तरी उजाडताना जे दिसलं ते सांगायलाच हवं. सटर बट्सच्या टेकड्या काळ्या, मागे केशरी पट्टा, आणि राखीव तळ्यावरून एकदम वीस-पंचवीस हजार पाखरं उठली. तो आवाज कानाला आधी लागत नाही, छातीला लागतो. शेजारच्या आजोबांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि टोपी काढली. ते दर वर्षी काढतात.

दोघांत मिळून पाच मिळाली: तीन गॅडवॉल, एक टील, एक थापट्या. नऊनंतर सगळं शांत. दुपारी उत्तरेचा वारा सुटला, पण तोवर आजोबा दमले होते.

सगळ्यात लक्षात राहिलं ते पाणी. ग्रे लॉजमध्येही दर वर्षी भरणारी काही तळी कोरडी ठेवलीयत.

---

चुलीवरचं | २४ ऑक्टोबर २०२२

लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा सगळ्यांना. पाककृतीचं विचारू का? आणि बर्डफ्लू असताना खावं का?

---

पाणथळवासी | २४ ऑक्टोबर २०२२

शुभेच्छा! आजारी किंवा मेलेलं सापडलेलं पाखरू उचलायचं नाही, साफ करताना हातमोजे, मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस गेलं पाहिजे. एवढं पाळलं तर भीती नाही.

भातावर पोसलेल्या पिनटेलला आणि टीलला तोड नाही. छातीचे तुकडे मी फार मसाल्यात घालत नाही, मीठ-मिरी-लसूण आणि लोखंडी तवा. हंसाच्या तंगड्या मात्र चिवट. त्यांना कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण लावून मंद आचेवर तीन तास. थापट्याला चिखलाचा वास येतो म्हणतात. तो काय खात होता त्यावर आहे, खाचरातला असेल तर येत नाही.

---

प्रेअरीकर | १२ नोव्हेंबर २०२२

उशिरा लिहितोय. मी सास्काटूनला. आमचा हंगाम सप्टेंबरलाच सुरू होतो आणि आता जवळजवळ संपला. या महिन्याच्या सुरुवातीला अशी थंडी पडली की लहान तळी रातोरात गोठली, आणि दोन दिवसांत आकाश रिकामं. तुमच्याकडे ती येऊन पोचली असतील.

उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून जास्त बदकं आमच्या या खड्ड्या-तळ्यांच्या गवताळ पट्ट्यात जन्मतात. २०२१ चा दुष्काळ भयंकर होता. यंदा वसंतात मॅनिटोबात आणि सास्काचेवानच्या पूर्वेला बर्फ-पाऊस भरपूर झाला, पश्चिमेचा भाग कोरडाच राहिला. तळी भरली म्हणून पाखरं लगेच वाढत नाहीत. अंडी घालायला माद्या तर शिल्लक हव्यात, आणि त्या दुष्काळात आटल्या.

पिनटेलचं दुखणं मी डोळ्यांनी बघतो. बाकी बदकं गवत वाढायची वाट बघतात. पिनटेल घाईची, बर्फ वितळल्याबरोबर येते आणि गेल्या वर्षीच्या गव्हाच्या धसकटांत, उघड्यावर, अंडी घालते. तीन आठवड्यांनी पेरणीयंत्र फिरतं. तिला ते शेत गवताळ रान वाटतं, बिचारीची चूक नाही. शरदातच पेरलेला गहू असला तर वसंतात यंत्र फिरत नाही आणि घरटी वाचतात. मी काम करतो त्या शेतमालकाने दोन तुकडे तसे पेरायला घेतलेत.

पांढऱ्या हंसांचं मात्र काही विचारू नका. मटारच्या शेतात उतरले की शेत बर्फ पडल्यासारखं दिसतं.

---

निफाडची_लेक | १३ नोव्हेंबर २०२२

प्रेअरीकरदादा, मटारावरून आमचा हरभरा आठवला. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याला लागून आमचं शेत आहे, गोदावरी-कादवा मिळतात त्याच्या वरच्या अंगाला. पट्टकदंब रात्री चरायला येतात आणि कोवळ्या हरभऱ्याचे शेंडे असे खुडतात की जणू कोणी विळ्याने घेतले. वडील पूर्वी डबा वाजवत बांधावर बसायचे. २०२० साली नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं, आम्हाला अभिमान वाटला, गावात पाहुणे वाढले. पण शेंडे खुडले त्याचं काय, हे विचारायला कोणी बांधावर आलं नाही. तुमच्याकडे शेतकऱ्याला पाणी ठेवायचे पैसे मिळतात हे वाचून मी ते घरी मोठ्याने वाचून दाखवलं. वडील म्हणाले, "म्हणजे त्यांनी पाखराचा वाटा हिशोबात धरलाय."

---

युबाकाठ | १३ नोव्हेंबर २०२२

ताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा. इथेही सगळे जण हौसेने देत नाहीत. सॅक्रामेंटो अभयारण्य १९३७ साली काढलं त्यामागे पाखरांना जागा हवी हे होतं तसंच ती उभ्या भातावर पडू नयेत हेही होतं. तक्रार ऐकली गेली म्हणून जमलं.

---

पाणथळवासी | १४ डिसेंबर २०२२

बरेच दिवस लिहिलं नाही. मधल्या काळाचं थोडक्यात.

८ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, पहिला खरा पाऊस आला. मागोमाग हंस उतरले. छातीवर काळे डाग असलेले स्पेकलबेली आधी, मग पांढरे. पण पौर्णिमेच्या आठवड्यात शिकार साधत नाही. चांदण्यात पाखरं रातभर चरतात आणि दिवसा तळ्यात झोपतात.

डिसेंबरात धुकं. आमच्या खोऱ्याचं तुले धुकं, पाऊस पडून गेल्यावर थंड हवेत जमिनीलाच चिकटून राहतं, तीन-तीन दिवस उठत नाही. आज पहाटे कलूसाजवळ स्वतःची नकली बदकं दिसेनात. वरून स्पेकलबेलींचं ते हसल्यासारखं ओरडणं, अगदी डोक्यावर, आणि दिसत काहीच नाही. बंदूक रिकामी करून ठेवली आणि दोन तास नुसता ऐकत बसलो. जे पाखरू ओळखता येत नाही त्याच्यावर बार काढायचा नाही, हा आजोबांचा पहिला धडा होता.

अंदाज बराचसा खरा ठरतोय. पश्चिमेची तळी ओस आणि पूर्वेला ब्यूट सिंकच्या पाणथळीत पाय ठेवायला जागा नाही. शिकाऱ्यांच्या थैल्या बऱ्या आहेत, पण मारलेल्यांत यंदाची पिल्लं कमी दिसतात. म्हाताऱ्या, हुशार पाखरांचा हंगाम आहे हा.

---

भीमाकाठ | २६ डिसेंबर २०२२

तलवार बदक आले. नव्वदएक मोजले काल. पाणी थोडं उतरलंय. पट्टकदंबांचा थवा सकाळी डिकसळच्या पुलावरून गेला.

तुमच्याकडचा आणि आमच्याकडचा तलवार बदक एकच जातीचा, हे पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

---

पाणथळवासी | ७ जानेवारी २०२३

मंडळी, पाणी आलं. एवढं आलं की बोलायची सोय नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून प्रशांत महासागरावरून एकामागून एक वादळं येतायत. ३१ डिसेंबरला कोसम्नेस नदीचे बांध फुटले, हमरस्ता ९९ पाण्याखाली गेला. माणसं गेली. आमच्या घरी दीड दिवस वीज नव्हती, ते काहीच नाही. ज्या पश्चिम बाजूला ऑक्टोबरात तडकलेली माती दाखवत होतो तिथे आता क्षितिजापर्यंत पाण्याचा पत्रा आहे.

आणि गंमत बघा, शिकार संपल्यात जमा. सगळं खोरंच तळं झाल्यावर पाखरांनी आमच्या चार तळ्यांत का बसावं? ती अशी पांगलीयत की दिवसभरात दोन थवे दिसले तर खूप. सटर अभयारण्य तर पुराच्या वाटेतच आहे. पुराचं पाणी वळवायच्या त्या बायपासमध्ये पाणी शिरलं की तिथली शिकार बंद.

मला वाईट वाटत नाहीये. आजोबांना फोन केला तर ते म्हणाले, "आता त्यांना पोटभर खाऊ दे."

---

युबाकाठ | ८ जानेवारी २०२३

शेजाऱ्यांची ती खालची चार खाचरं धरून सगळीच्या सगळी भरलीत. पण एक ध्यानात घ्या, भात नव्हताच तिथे नुसतं पाणी आहे, दाणा नाही. पश्चिमेच्या त्या पाण्याच्या पत्र्यात पाखरांना तणाचं बी आणि किडे मिळतील, भाताची रास नाही. पुढची पेरणी झाली तरच पुढच्या हिवाळ्यात दाणा असेल.

---

पाणथळवासी | ३० जानेवारी २०२३

हंगाम उद्या संपतो, पण अभयारण्यांत शिकार फक्त शनिवार, रविवार आणि बुधवारी असते, म्हणून माझा शेवटचा दिवस काल झाला. आजोबा आले होते. यंदा चालवत नाही म्हणून बांधावर खुर्ची टाकून बसले. एक नर पिनटेल थेट आमच्या नकली बदकांमधल्या मोकळ्या अंगणात उतरला, पंख पसरून, पाय पुढे काढून. मी बंदूक उचलली नाही. का ते मला सांगता येणार नाही. आजोबांनी काही विचारलं नाही.

---

सावली | २ फेब्रुवारी २०२३

सगळा धागा पुन्हा वाचला. माझं मत बदललेलं नाही, हे आधी सांगते. पण १८ फेब्रुवारीला मी मुलीकडे फॉल्समला येतेय, महिनाभर. ती पाखरं मला बघायची आहेत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, फार चालता येत नाही. कुठे जाऊ?

---

पाणथळवासी | २ फेब्रुवारी २०२३

ताई, या! विलोजच्या दक्षिणेला सॅक्रामेंटो राष्ट्रीय अभयारण्य आहे, फॉल्समहून पावणेदोन तास. तिथे सहा मैलांचा गाडीरस्ता तळ्यांमधूनच जातो. चालायची गरज नाही, उलट ठरलेल्या थांब्यांखेरीज गाडीतून उतरायचंच नाही. पाखरं गाडीला भीत नाहीत, माणसाचे पाय दिसले की उठतात. काचा खाली घ्या, इंजिन बंद करा.

दुपारी साडेतीनला आत शिरा म्हणजे सूर्यास्तापर्यंत फेरी होईल. पांढरे हंस फेब्रुवारीअखेर उत्तरेला निघायला लागतात, तेव्हा आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जा. शाल ठेवा, संध्याकाळी गार वारा सुटतो. टपाल कार्यालयातून ते २५ डॉलरचं बदक-तिकीट घेतलंत तर त्यावर आत प्रवेश मिळतो, वेगळा पास लागत नाही.

दुर्बीण नसेल तर माझी घेऊन जा. फॉल्सम माझ्या वाटेवरच आहे, आणून देतो.